मागच्या बाजूचा मजकूर

नव्वदीच्या अखेरीस कोथरूडच्या आमच्या कंपनीत एका अमेरिकन संग्रहालयाची जुनी कार्डं संगणकावर चढवायचं काम आलं. चित्र कुठल्या दलालाकडून घेतलं, कुठल्या धनिकाने संग्रहालयाला दान केलं, एवढंच मी टाइप करायचे. दत्ताच्या एका लहान चित्राच्या कार्डावर नोंद होती की मागचा मजकूर वाचता आलेला नाही. सोबतच्या फोटोत मला तो सहज वाचता आला: ‘माईच्या देवघरातले. विकू नये.’

मी साहेबांना दाखवलं.

“अहो, आपल्याला टाइप करायला ठेवलंय, वाचायला नाही.”

तरीही मी संग्रहालयाला ईमेल केली. तिथल्या बाईंनी आभार मानून भाषांतर मागितलं, मी पाठवलं. आता ते वाक्य त्यांच्या वेबसाइटवर चित्राखाली इंग्रजीत आहे. चित्र मात्र तिथेच आहे.