पश्चिमेची खोली

दौलतगंजातलं भाड्याचं घर सोडून फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मी बाडा चौकाजवळच्या एका बँकेत.

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. दाखवणाऱ्या माणसाने एक गुळगुळीत कागद पुढे केला. "मैडम, फोर स्टार रेटिंग है. घर ठंडा रहेगा, बिजली बचेगी."

बाबांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. "ये तारे नक्शे को मिले हैं या बने हुए मकान को? और छत पर क्या डाला है, गर्मी रोकने के लिए?"

तो माणूस माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. "बाबा, इथे तरी वर्ग घेऊ नका," मी मराठीत म्हटलं. त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला आणि मग काहीच विचारलं नाही.

राहायला आलो तेव्हा पश्चिमेची खोली त्यांनी आपणहून घेतली. तिथे कूलर लावून दिला आणि माझ्यापुरता तो विषय मी संपवला.

मे महिन्यात एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "बेटा, अंकलजी को चक्कर आ गया. सीढ़ियों पर बैठे थे."

"सीढ़ियों पर क्यों?"

"वो तो रोज़ बैठते हैं. दोपहर में नीचे ठंडक रहती है ना."

रोज. मी संध्याकाळी यायचे तेव्हा ते खोलीत असायचे, चहा तयार असायचा.

दवाखान्यात सलाईन चालू होतं. "बाबा, मला सांगायचं तरी!"

"तू दिवसभर कामात. त्यात हे कुठे सांगत बसू?" ते म्हणाले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी रागवायला हवं होतं.

ते घरी आल्यावर मी तो कागद शोधून काढला. खाली बारीक अक्षरांत सगळं होतं. तारे आराखड्याला मिळाले होते, तेही छतावर उष्णता अडवणारा थर आणि खिडक्यांवर रुंद छज्जे असतील असं धरून. बांधून झाल्यावर पुन्हा तपासणी व्हायची होती. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तर ती झालीच नव्हती. गच्चीवर जाऊन पाहिलं, नुसता स्लॅब.

त्या रविवारी बाबांना माझ्या खोलीत झोपवलं आणि दुपारी मी त्यांच्या पलंगावर जाऊन बसले. कूलर गरम वारा फेकत होता. भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. अर्ध्या तासात उठले. ते इथे जूनपर्यंत राहिले असते, एक शब्द न बोलता.

मग गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, खिडकीबाहेर बांबूच्या चिकचा पडदा बांधला. खोल्या बदलल्या. नको नको म्हणत बाबांनी ऐकलं.

पहिल्या दुपारी ते गाढ झोपले. उठल्यावर म्हणाले, "छान झोप लागली गं. फार केलंस माझ्यासाठी."

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं, "पोहे करू?"