डोळा ठेवा, कान नको

पोलिसांनी आरोपी आणला की डॉ. सुलोचना कांबळे आधी पोलिसांनाच बाहेर काढायच्या. खिडकीसमोरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "तितं थांबा. डोळा ठेवा, कान नको." मग जमिनीवर बसवलेल्या माणसाला उठवून खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "चप्पल काढ. तळपाय दाव."

बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या त्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. बाई येण्याआधी कोर्टात न्यायच्या आरोपीला जीपमधून उतरवायचीही पद्धत नव्हती. शिपाई कागद घेऊन आत यायचा, डॉक्टर 'जखमा नाहीत' लिहून सही करायचे. बाईंनी हे आल्या आल्या बंद केलं. कोठडीत छळ झाला का, हे कसं तपासायचं याची नियमावली देशोदेशींच्या डॉक्टर-वकिलांनी मिळून केली आहे. ती त्यांना पाठ होती. मी म्हटलं, इथं कोण वाचतं ते? "मी वाचलंय न्हवं? बास झालं."

त्यांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुटताना दारात, सगळ्यांसमोर, बायकांची झडती व्हायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही इंजेक्शन भरता भरता.

एकदा चोरीच्या संशयावरून वडगावचा एक विणकर आणला. त्याला खुर्चीपर्यंतही चालवेना. दोन्ही तळपाय सुजून काळेनिळे झालेले. त्यानं माझं मनगट धरलं. "आक्का, परत तितं धाडू नका."

तेवढ्यात त्याला घेऊन आलेले फौजदार साहेब झाडाखालून आत आले. जिन्यावरून पडलाय, म्हणाले. जखमा नाहीत असं लिहा, कोर्टाकडून आणखी कोठडी मागायची आहे.

"जिन्यावरनं पडला, ते दोन्ही तळव्यांवर व्हय?" बाईंनी विचारलं.

बाईंची ती नियमावली साहेबांनाही ऐकून ठाऊक होती. ते हसले. "छळाविरुद्धच्या जागतिक करारावर आपल्या देशानं नुसती सही केलीय, म्याडम. मंजूर कुठं केलाय?"

"मग मी बी सहीच करणार हाय. खरं लिवून."

प्रत्येक जखम, तिची जागा, आकार, सगळं लिहिलं. पडून असं होत नाही, हेही लिहिलं. एक प्रत थेट कोर्टात पाठवली आणि विणकराला वॉर्डात दाखल करून घेतलं. कोर्टानं त्याला पुन्हा पोलिसांच्या हाती दिलं नाही.

लवकरच बाईंची बदली झाली, लांब. निरोप समारंभ नको म्हणाल्या. जाताना खुर्ची तेवढी खिडकीशी सरकवली. "हितनं हलवू नका. झाडाखालनं दिसाय पायजे."

नव्या डॉक्टरांच्या पहिल्याच आठवड्यात जीप आली. शिपाई एकटाच कागद घेऊन आत शिरला. डॉक्टरांनी पेन काढलं. मी मधे उभी राहिले.

"बाई गेल्या की, सिस्टर," शिपाई म्हणाला.

"खुर्ची हाय न्हवं? त्याला उतरवून आण," मी म्हटलं, आणि कडुनिंबाकडे बोट दाखवलं.