ताजी मासळी पोचेल एवढं अंतर

पहिल्यांदा नोकरीला निघाले त्या दिवशी उरणजवळच्या मोऱ्याच्या जेट्टीवर मी बॅगेवर बसून होते आणि ओहोटी सरायचं नाव घेत नव्हती. पाणी चढल्याशिवाय लाँच लागणार नव्हती. लाँचने भाऊचा धक्का, तिथून टॅक्सीने मुंबईचा विमानतळ, मग बंगळुरू. पावणेदोन तासांच्या विमानासाठी सगळा दिवस मोडायचा.

आदल्या संध्याकाळी आईने विचारलं होतं, बंगळुरू किती लांब? मी आठशेच्या वर किलोमीटर म्हणून सांगितलं. पण जन्मभर उरणच्या बाजारात मासळी विकलेल्या बाईला किलोमीटरशी काय देणंघेणं!

"ताजा म्हावरा पोचल का तिथवर?"

मी म्हटलं, बर्फ वाटेतच वितळेल.

"म्हंजे लांब हाय," ती म्हणाली आणि सुके बोंबील, जवळा, सोडे यांचं बोचकं बांधून माझ्या कपड्यांत कोंबलं. आमच्या कोळीवाड्यात लांब जाणाऱ्याला सुकी मासळी देतात. जहाजावर नोकरीला गेलेल्या मामालाही आजीने हेच दिलं होतं.

तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडलात, त्यांना पुढचं सांगायला नको. बंगळुरूला बेल्टवर माझी बॅग दिसायच्या आधी तिचा वास यायचा. आजूबाजूचे प्रवासी एकमेकांकडे संशयाने बघायचे आणि मी मनातून खूश. फ्लॅटमध्ये खिडक्या लावून, एक्झॉस्ट फुल करून जवळा परतायचा. आयटीतल्या मॅडमचा रुबाब तेवढ्यापुरता खुंटीला.

घरी यायचे ते वर्षातून एकदा. सुट्टी मिळत नाही असं सांगायचे, पण त्या प्रवासाचाच कंटाळा यायचा. बाबा गेल्यावर घरात आई एकटी. तिने कधी तक्रार केली नाही. बोचकं तेवढं दर वर्षी मोठं होत गेलं.

आणि आता नवा विमानतळच आमच्या अंगणात आला, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. या वेळी सकाळी बंगळुरू सोडलं आणि दुपारी आईच्या पुढ्यात जेवायला बसले. ती वाढता वाढता सारखी माझ्याकडे बघत होती, जणू मी वाशीलाच गेले होते आणि परत आले.

परत निघताना बॅग भरली, तर बोचकं नाही. मी फडताळ धुंडाळलं, डबे उघडले. आई पाटावर निवांत बसलेली.

"आये, सुकं कुठं ठेवलंस?"

"आता कनचा सुका? लांब गेलेल्याला सुका द्यायचा. जवलच्यानं घरी येवून ताजा खायाचा."

मला राग आला, हसू आलं आणि रिक्षात बसल्यावर रडूही आलं. इतकी वर्षं मी तिला बंगळुरूला चल म्हणत होते. तिने कधी मला ये म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही बोचकं न देऊन.

बंगळुरूला बेल्टवर पहिल्यांदाच नावाचा टॅग बघून बॅग ओळखावी लागली. उचलली तर हलकी लागली. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथून निघताना आपल्याला सुकं देत नाहीत ते. कॅबमध्ये बसल्या बसल्या पुढच्याच महिन्याचं तिकीट काढलं आणि आईला फोन करून तारीख सांगितली.

पलीकडून पुटपुट ऐकू आली. बोटांवर तिथी मोजून मोठ्या भरतीचा हिशेब लावत असणार.

"ये. उधान हाय तवा," ती म्हणाली. "म्हावरा गावल."