मामांच्या क्लच प्लेटा

कोल्हापुरात झाकण असलेल्या जितक्या म्हणून वस्तू आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या मामेसासऱ्यांनी उघडून पाहिलेल्या असतील, आणि उरलेल्या निम्म्यांच्या मालकांशी त्यांची अजून ओळख झालेली नसेल. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. नवी वस्तू घरात आली की आधी तिचे स्क्रू निघतात, मग ती चालू होते. भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, कुकरची शिट्टी, काही सुटलेलं नाही. आमच्या लग्नात त्यांनी भाचीला अहेर म्हणून टेबलफॅन आणला होता. तोसुद्धा त्यांनी मांडवातच रंगीत कागद सोडवून उघडला, आत बोट फिरवलं, पुन्हा मिटवला आणि मग आमच्या हातात दिला. तो फॅन आजही चालतो आणि अजिबात आवाज करत नाही. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब जरा जास्त असल्याचं सांगितलं, तेव्हा मामांनी शांतपणे विचारलं, "ह्ये मशीन कवा उघडून बघितलंयसा?" डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी मुकाट्याने दुसरं यंत्र आणून मोजलं, आणि दाब खरोखरच कमी भरला. त्यानंतर मामांच्या या स्वभावावर काही औषध उरलं नाही.

मामांचा सगळा जन्म उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न करण्यात गेला. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. ओतलेलं लोखंड निवताना आटतं, म्हणून पॅटर्न नेहमी केसभर मोठा करायचा असतो. मामांनी हा हिशेब लाकडापुरता कधीच ठेवला नाही. पुढाऱ्यांचं भाषण, पाहुण्यांनी सांगितलेली जमीन, नव्या सुनेचं कौतुक, सगळं निवल्यावर किती आटेल याचा त्यांचा अंदाज आधीच तयार असायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा बाकीचे माझा पगार विचारत होते. मामा तेवढ्यात बाहेर जाऊन माझ्या चपला उलट्या करून टाचा बघून आले. "दोनी टाचा सारख्या झिजल्यात. पोरगं सरळ हाय," त्यांनी जाहीर केलं, आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "जरा फुगलेलं वाटतंय, पर आटंल." लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. आटायचं होतं तेवढं मी आटलो आहे, असं बायकोही मानते.

या माणसाचं खरं दैवत म्हणजे कळंब्याच्या घरामागच्या शेडमधली, माझ्याहून वयाने मोठी असलेली काळी मोटरसायकल. जुन्या पद्धतीची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कोल्हापुरात घरोघरी हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होते. लोक गाडी धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि मोकळे होतात. मामांना हे अजिबात मान्य नव्हतं. आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय वरून हार घालणं म्हणजे त्यांच्या मते देवाला फसवणं. त्यामुळे दरवर्षी नवरात्रात, गाडीला काही झालेलं असो वा नसो, क्लच उघडला जायचाच.

हा सोहळा दोन दिवस चालायचा. पहिल्या दिवशी इंजिनाच्या डाव्या बाजूचं झाकण काढायचं, तेल परातीत सोडायचं, चार स्प्रिंगा काढायच्या आणि चकत्यांसारख्या एकामागे एक बसलेल्या प्लेटा बाहेर काढायच्या. एक पोलादी, एक कॉर्क लावलेली, पुन्हा पोलादी, पुन्हा कॉर्कची. या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून राहिल्या तर इंजिनाची ताकद चाकाला मिळते. डाव्या मुठीजवळची क्लचची दांडी ओढली की त्या सुटतात. एवढं ज्ञान मला मामांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला दिलं, आणि माझ्या हातात बॅटरी धरायला दिली. त्यापुढे माझी बढती कधी झाली नाही. कॉर्कची जाडी मोजून व्हायची, झिजलेलं कॉर्क असेल तर नवी प्लेट तेलात भिजत पडायची. ती परात मुळात भाकरीची होती. दोन वर्षं मामींनी सहन केलं, तिसऱ्या वर्षी त्यांनी दुसरी परात आणून तिच्या बुडाला लाल नेलपॉलिशने मोठ्या अक्षरात 'क्लच' असं लिहून टाकलं. पोलादी प्लेट वाकली आहे का हे बघायला मात्र एकदम सपाट जागा लागते. मामांनी घरातल्या सगळ्या सपाट वस्तू तपासल्या होत्या आणि त्यांच्या लग्नाच्या फोटोची काच सर्वांत सरळ निघाली होती. म्हणून नवरात्रात दोन दिवस मामा-मामींचा फोटो काचेविना असायचा. प्लेट काचेवर ठेवायची आणि खालून पातळ पत्ती सरकते का ते बघायचं. सरकली तर प्लेट वाकडी. एका वर्षी काच पुसायची राहिली आणि फोटोतल्या नवरीच्या गालावर तेलाचा डाग पडला. मामी म्हणतात, तीट समजायची.

मोजलेलं सगळं मामा शेडच्या भिंतीवर पेन्सिलने लिहीत. वही हरवते, भिंत हरवत नाही, हे त्यांचं कारण. वर्ष, प्लेटांची जाडी, स्प्रिंगांची लांबी आणि शेवटी शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. 'ठीक.' 'ठीक, पण पुढल्या वर्षी बघणे.' 'दुकानदाराने फसवले, चूक माझी.' भिंतीवर खोटं लिहायचं नाही असा त्यांचा नियम होता.

एवढं सगळं करून गाडी वर्षातून एकदाच लांब जायची. दसऱ्याला सोनं द्यायला, राधानगरीला, थोरल्या बहिणीकडे. ही बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. मामा त्यांना आक्का म्हणतात. वळणावर गाडीचा आवाज आला की आक्का तवा चुलीवर ठेवायच्या, आणि गाडी दारात येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. आपट्याची पानं हातात पडल्याशिवाय त्या जेवत नसत. चाळीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. मामांना त्याचा किती अभिमान होता हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण भिंतीवर प्रत्येक वर्षापुढे 'राधानगरी' लिहून बरोबरची खूण केलेली असायची.

काही वर्षांपूर्वी श्रावणात या गाडीने पहिल्यांदा दगा दिला. मामींना मागे बसवून मामा एका चढाला लागले, तर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी काही पुढे सरकेना. एक सायकलवाला त्यांच्याकडे बघत पुढे गेला. शेवटी मामी उतरून चालत निघाल्या आणि गाडीच्या आधी वर पोचल्या. क्लच घसरतो, कॉर्क जळालं, असा निकाल मामांनी दिला आणि नव्या प्लेटा घातल्या. गणपतीत पुन्हा तेच. हल्लीच्या कॉर्कात दम न्हाय म्हणून त्यांनी तिसरा जोड आणला. फाउंड्रीतले त्यांचे जुने सोबती येऊन सल्ले देऊन गेले. मामांनी एकालाही शेडमध्ये घेतलं नाही. जो माणूस आल्यागेल्याला धरून क्लच दाखवायचा, तो आता आतून कडी लावून काम करायला लागला होता.

नवरात्रातल्या रविवारी मामींचा मला फोन आला. "औंदा दार लावून बसत्यात. जेवायबी भायेर येत न्हाईत. तुमी जाऊन बसा की जरा," त्या म्हणाल्या. मी गेलो. मामांनी कडी काढली, पण तोंड वाकडं करूनच. चौथ्या जोडाच्या नव्या प्लेटा परातीत भिजत होत्या, काच समोर होती, सगळं नेहमीसारखंच होतं. मी बॅटरी उचलली. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मामा म्हणाले की बॅटरी ठेवा आणि या स्प्रिंगा दाबून धरा. मी बिचकत दाबल्या. सहज दबल्या. माझ्यासारख्या फायली वाहणाऱ्या माणसाकडून त्या इतक्या सहज दबाव्यात याचं मलाच नवल वाटलं. मी स्प्रिंगांची लांबी किती धरायची ते बघायला भिंतीकडे वळलो, तर त्या वर्षाच्या ओळीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. शेडमध्ये कॅलेंडर कधी नसायचं. मामांना तारखा भिंतीवरून कळायच्या.

मी या घरचा जावई आहे आणि थोडंफार शिकलो आहे. मी कॅलेंडर उचलून बघितलं.

तिथे मामांच्या बारीक अक्षरात तिन्ही जोडांची, घालतानाची जाडी लिहिलेली होती. तिन्ही ठीक. त्यापुढे शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'स्प्रिंगा हलक्या घातल्या. डावा हात आटला.'

मामा माझ्याकडे न बघता परातीत बोटं बुडवून बसले होते. आता मला उलगडलं. हातातलं बळ गेलं होतं. क्लचची दांडी ओढवेना, म्हणून त्यांनी जुन्या कडक स्प्रिंगा काढून हलक्या घातल्या होत्या. दांडी हलकी झाली, पण हलक्या स्प्रिंगा प्लेटांना घट्ट दाबून धरीनात, आणि चढावर प्लेटा घसरून जळत होत्या. हे सगळं होणार हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भिंतीशी खोटं बोलायचं नाही म्हणून त्यांनी खरं लिहून ठेवलं, आणि आम्हाला कॉर्कात दम नाही असं सांगितलं.

"तिनी जोड मीच जाळलं पावणं," ते म्हणाले. "प्लेटांचा कायबी दोष न्हाय. दसऱ्याला गाडी गेली न्हाय तर आक्काला कळंल की, माझं काय आटलंय त्ये."

मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि ते लपवायला मी जुन्या स्प्रिंगा कुठे आहेत असं विचारलं. फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून, तेल लावून ठेवल्या होत्या. आम्ही त्याच घातल्या. त्या दाबताना माझ्या तळहाताला फोड आला. मामा बाजूला उभे राहून स्क्रू फिरवत होते. झाकण लागलं, तेल भरलं. खंडेनवमीला गाडीला हार पडला, आणि मामांनी गाडीची किल्ली हळदकुंकू लावून माझ्यापुढे धरली.

मी ती गाडी त्याआधी कधी चालवलेली नव्हती. दसऱ्याला सकाळी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती तीनदा बंद पडली. ब्रेक समजून मी गिअर बदलत होतो आणि गिअर समजून ब्रेक लावत होतो. मागे बसलेले मामा नुसते माझ्या पायांकडे बघत होते, आणि मला तेच जड जात होतं. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि मग मला जाणवलं की मामांचा डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर आहे आणि त्याची बोटं मधूनच आवळतात. आधी वाटलं, धरून बसलेत. मग लक्षात आलं, बोटं आवळतात ती बरोबर गिअर बदलायच्या जागी. ते त्यांच्या नकळत क्लच ओढत होते. मी सहज एकदा बोटं आवळल्याबरोबर क्लच ओढून बघितला, आणि सैल सुटली तसा सोडला. गिअर लोण्यासारखा पडला. त्यापुढे सबंध रस्ताभर मी माझं डोकं वापरलं नाही. चढ आला, बोटं आवळली, मी ओढला. चढ संपला, पुन्हा आवळली. घसरण नाही, धक्का नाही. गाडी चालते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

राधानगरीच्या वळणावर नेहमीसारखी बोटं आवळली आणि गाडी दाराशी जाऊन थांबली. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पुढे मी आणि मागे मामा, हे बघून त्या क्षणभर थबकल्या. मामा उतरून खिशातली आपट्याची पानं शोधायला लागले, ती काही केल्या सापडेनात.

"आवाजावनं वाटलं, तूच चालवतोयस," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी सापडलेली पानं मामांनी दिली आणि ते बहिणीच्या पाया पडले. त्या जरा जास्तच वेळ त्यांचा डावा हात हातात धरून उभ्या राहिल्या. आत तव्यावरची पोळी मात्र त्या वर्षी करपली. घरी आल्यावर मामांनी भिंतीवर 'राधानगरी' लिहून बरोबरची खूण केली आणि कॅलेंडर काढून मामींना देऊन टाकलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला आम्ही दोघं असेच जातो. क्लच अजून दर नवरात्रात उघडतो. स्प्रिंगा मी दाबतो आणि बॅटरी मामा धरतात. प्लेटा अजून त्याच आहेत, शेरा 'ठीक'. फक्त खांद्यावरच्या बोटांचा दाब दर वर्षी थोडा थोडा हलका होत चालला आहे. सणाच्या दिवशी सगळे नवे कपडे घालतात आणि मी मात्र धुऊन धुऊन विरलेला एक जुना शर्ट घालतो, म्हणून बायको चिडते. तिला अजून सांगितलेलं नाही, पण नव्या, कडक कापडातून मला मामांची बोटं नीट कळत नाहीत.