जांभळीचा अर्ज

बांधावरची जांभळ तोडायचं मी ठरवलं ते घरासाठी. सत्तरची सालं सरत आली होती. घराचं आढं, म्हणजे सगळं छप्पर ज्याच्यावर बसतं ते लाकूड, कुजलं होतं. आमच्याकडचा पाऊस कुणाची गय करत नाही. जांभळीचं खोड सरळ, लाकूड पाण्याला दाद न देणारं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

बायकोला दिसत होतं. टोपली भरून ती जांभळं एस्टीच्या थांब्यावर विकायला बसायची, पण तेवढंच नव्हतं. नवीन नवरी होती तेव्हा रडायला ती त्या झाडाखाली जायची. हे तिनं मला चार लेकरं झाल्यावर सांगितलं.

आमच्यात मोठं झाड तोडायच्या आधी देवीचा कौल घेतात. देवीच्या दगडाला पाणी लावून दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की होकार. उजवी पडली.

"झालं. देवीनंच सांगितलं," मी म्हणालो.

"उजवीला पानी कमी लावलं असंल तुमी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटीच पौडला, जंगलखात्याच्या कचेरीत गेली. सरकारनं काही झाडं राखून ठेवलीत, त्यांची यादी आहे, असं तिनं थांब्यावर ऐकलं होतं. संध्याकाळी आली आणि पाणीसुद्धा न पिता बोटाच्या पेरांवर मोजायला लागली, "आंबा, फणस, हिरडा, ऐन, साग, खैर, चिंच, मोह..." मग माझ्याकडं बघून, "जांभूळ."

अक्षरओळख नव्हती तिला. विसरायला नको म्हणून गाडीत सगळी वाट घोकत आली. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, हिरडा.

"अगं, आपल्या बांधावरचं झाड हाय ते!"

"असू दे. कायदा हाय. गार्ड म्हनला, बाई, कंचं झाड तोडता येतंय ते इचाराय समदे येत्यात. कंचं तोडता येत न्हाई ते इचारणारी तूच पयली."

मी कुजलेल्या आढ्याला घराच्या मधोमध एक टेकू लावला.

महिन्याभरानं भाताच्या बियाण्यासाठी पौडला गेलो, तेव्हा त्याच गार्डला गाठलं. तो म्हणाला, "यादीत हाय म्हंजी तोडायचंच न्हाई असं कुटं हाय? इचारल्याबिगर तोडायचं न्हाई. अर्ज दे, मी येऊन झाड बघतो, साहेब परवानगी देतील. घरासाठीच मागतोयस की." त्यानं अर्जाचा कागदही दिला.

कागद खिशात घालून आलो. थांब्यावर उतरलो तर ती रिकामी टोपली घेऊन बसलेली. दुसऱ्या एका बाईला सांगत होती, "आमची जांभळ सरकारी हाय. मालकाचा बाप आला तरी हात लावायचा न्हाई." माझा बाप तेव्हा जिवंत होता. मी हसलो नाही. घरी येऊन तो कागद चुलीत घातला.

पुढं पोरानं छपरावर पत्रे टाकले, तोवर टेकू होता. पाण्याची कळशी घेऊन येताना ती त्याला धडकायची आणि शिव्या मला द्यायची. "ह्यो खांब आन् तुमी, दोगं बी मधी उबं!" मी म्हणायचो, "सरकारला सांग." मग तीच माझी समजूत घालायची, "काय करता, कायदाच हाय त्यो. तुमचा तरी काय इलाज?"

गेल्या पौषात ती गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून होतो, बोलायला वेळ भरपूर होता. कितीदा तोंडापर्यंत आलं, की इलाज होता, कागद खिशात होता. म्हटलं, बरी झाली की सांगू.

आता जांभळं पडतात. खाली उचलणारं कुणी नाही, जमीन जांभळी होऊन जाते. मी तिथं जाऊन बसतो. जन्म काढला एका घरात, तरी मला कळत नाही, ऐकून ती हसली असती, का इतकी वर्षं कपाळाला टेंगळं आणवलीत म्हणून भांडली असती. भांडली असती तरी चाललं असतं मला.