धाकट्या जावेचा चुंबक

आमच्या घाटकोपरच्या घरात दोन्ही सुना नोकरी करत. मी थोरली, मरोळच्या रेडिओ कारखान्यात ट्रान्झिस्टर सोल्डर करायची. धाकटी जाऊ पदार्थविज्ञानात संशोधन करायची. मी घरी आले की पर्स टेकवून थेट कणकेला हात घालायचा. तिला मात्र ‘प्रयोग चालू होता’ एवढं म्हटलं की सगळं माफ. वर्षभर ती कसल्याशा काळ्या भुकटीच्या टिकल्या भट्टीत भाजत होती. मी नवऱ्याला म्हणायची, घरात एक पोळी धड भाजता येत नाही आणि तिथे भट्ट्या पेटवते. जळत होते मी, सरळ सांगते.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीच्या सुमारास तिला परदेशातल्या प्रयोगशाळेने दोन वर्षांसाठी बोलावलं. दीर तयार होता, पण शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला ती आली तीच झाकण सैल ठेवलेला थर्मास सांभाळत. तिळगुळाच्या डब्याशेजारी तिने थर्माकोलची वाटी ठेवली, तीत कॅरमच्या सोंगटीएवढी काळी टिकली, आणि वरून थर्मासमधला द्रव नायट्रोजन ओतला. धूर निघाला, बायका मागे सरकल्या. मग तिने चिमट्याने एक इवलासा चुंबक टिकलीवर सोडला. तो खाली पडलाच नाही, अधांतरी राहिला. टिकली इतकी गार झाली की चुंबकाला जवळ येऊ देत नाही, असं काहीतरी ती सांगत होती. ऐकतंय कोण? समोरच्या काकूंनी चुंबकाला कुंकू लावलं. बोट लागताच तो गरगर फिरला, पण पडला नाही.

“अगं बाई, जागृत आहे हो!” काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांनी हात जोडले. माझं वाण स्टीलच्या चहा-गाळण्यांचं होतं. त्याकडे कोणी बघेना.

सासूबाईंनी मात्र हात जोडले नाहीत. त्या उभा जन्म गिरणीत राबलेल्या. “ह्याचो उपयोग काय गो?” त्यांनी विचारलं.

“आत्ता काहीच नाही, आई. पुढे कदाचित रुळाला न टेकता गाड्या धावतील. वीज वाया न घालवणाऱ्या तारा होतील. नाहीतर काहीच होणार नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. काहीच होणार नाही म्हणते, मग कशाला पाठवतील? तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

“पण वहिनी रोज लावतात ना, ते ट्रान्झिस्टर? तेसुद्धा आधी कुणाच्या तरी टेबलावरचा प्रयोगच होते. त्यांनाही कोणी विचारलं असेल, उपयोग काय म्हणून. आज वहिनींच्या हातून घरोघरी रेडिओ जातायत.”

बायका माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मला तर ती आणखीनच नकोशी झाली. इतकी वर्षं चिमट्यात धरलेल्या वस्तूची थोरवी हिने मला सांगावी!

बायका गेल्यावर मी ताटल्या गोळा करत होते. सासूबाई म्हणाल्या, “जाव दे तिका. शिकान येयत.”

मला राहवलं नाही. “मला कधी पाठवलंत कुठे?”

“तू कधी इचारलंस? तुका नको कोणी म्हटल्यान?”

त्याआधीच्याच वर्षी सुपरवायझर आमच्या टेबलाशी आले होते. एका चिपमध्ये शेकडो ट्रान्झिस्टर मावतात, ते काम शिकायला सहा महिने बंगलोरला कोण जाणार, असं विचारत होते. माझा हात सगळ्यात सफाईदार, म्हणून आधी मलाच विचारलं. “आमच्या घरी नाही चालायचं,” मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. माझ्या शेजारची मुलगी गेली आणि लाइन-इन्चार्ज होऊन आली. तिच्यावरही मी जळलेच.

सासूबाई अजून माझ्याकडे बघत होत्या. बंगलोरचं मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.