सगुणामावशीचं सत्ताविसावं स्तोत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतही मी या गोष्टीच्या कडेकडेनंच गेलो—मिठागराच्या बांधावरून आपण पाण्यात न बघता चालतो ना, तसा. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून कदाचित. पण आधी थोडं मागे जाऊ द्या. एकदम सांगायला गेलो तर मी पुन्हा तेच करीन—थोडक्यात आटपीन. आणि थोडक्यात आटपणं, तिथूनच तर हे सगळं सुरू झालं.

आम्ही मुलुंडला राहतो, स्टेशनच्या पूर्वेला, जिथे चाळी संपतात आणि मिठागरं सुरू होतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीला तेव्हा स्वतःचं मंदिर नव्हतं. मिठाचं एक जुनं कोठार वापरायला मिळालं होतं. रविवारी सकाळी तिथे बाकं मांडायची, पेटी ठेवायची, की झालं मंदिर. पण भिंतींमधलं मीठ काही गेलं नव्हतं. दमट हवेत भिंतींवर पांढरी मऊ फुलं यायची. लहानपणी मी त्यांना बोट लावून चाटायचो. वरच्या झरोक्यांतून ऊन उतरायचं, त्यात पांढरी धूळ तरंगत असायची, आणि त्याखाली माणसं—कारखान्यातली, घरकामं करणारी, नगर-जालन्याकडून आलेली—डोळे मिटून बसलेली. मला अजून कधी कधी वाटतं, ते सगळं मी झोपेत पाहिलं असेल.

आमच्याकडे उपासनेत स्तोत्र एकट्यानं म्हणत नाहीत. एकानं एक वचन म्हणायचं, पुढचं सगळ्या मंडळीनं. पुन्हा एक त्यानं, पुन्हा एक सगळ्यांनी. खाडीला भरती यावी आणि ओसरावी, तसा तो आवाज कोठारात यायचा-जायचा. देव म्हटलं की मला आधी तो आवाज आठवतो. आपलं वाक्य संपतं, पण खाली पडत नाही. पन्नास माणसं ते झेलतात. याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही. अजूनही नाही.

आणि हंगामाच्या सणाला तर मान असायचा. भोपळे, ऊस, केळीचे घड, पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या समोर मांडलेल्या, आणि मंडळीतलं कुणीतरी एक अख्खं स्तोत्र पाठ करून, पुढे उभं राहून आपली वचनं म्हणायचं. हातात पुस्तक नाही. पुस्तकं फक्त समोरच्यांच्या हातात.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, त्या वर्षी हा मान सगुणामावशीनं मागून घेतला.

ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नात्याची नव्हती, पण मी तिला मावशीच म्हणायचो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दोन घरची भांडी घासायची. गावाकडे तिनं बाप्तिस्मा घेतला आणि आईला सांगायला गेली, तर आईनं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. "आतून कडी लागल्याचा आवाज आला, बाबा," ती मला एकदा म्हणाली होती, "त्यो अजून कानात हाय." मग ती मुंबईला आली. वाचता येत नव्हतं. म्हणून माझ्याकडे आली. "तू कालिजात जातोस. मला सत्ताविसावं शिकीव. त्यात पैलंच उजेडाचं हाय, मी ऐकलंय."

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील एका कारखान्यात रंगारी आहेत. मी कॉलेजात जायला निघालो, तेव्हा सगळ्या मंडळीनं उभं राहून माझ्यासाठी प्रार्थना केली होती. आणि मी? माझं नाव वसंत. आडनावावरून कुणाला काही कळत नाही. कॉलेजात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

तर—संध्याकाळी भांडी आटपून मावशी आमच्या उंबऱ्यावर बसायची, हात अजून ओले, बोटांना राखेचा वास. मी खाटेवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडून एकेक वचन चार-चार वेळा वाचायचो. ती मिठाच्या ढिगांकडे बघत पुटपुटायची. त्या वेळी ते ढीग आधी गुलाबी व्हायचे, मग निळसर, मग नुसतेच हवेत ठेवल्यासारखे. देवाच्या घरात आयुष्यभर राहायला मिळावं, एवढंच मागणं आहे—अशा अर्थाचं वचन आलं, तेव्हा ती थांबली आणि हसायला लागली.

"त्याच्या घरात? भांडी घासायला तरी ठेवील का रे मला?"

"मावशी, तिथे भांडी नसतील."

"मग माझं काय काम?" आणि मग जरा वेळानं, आपल्याशीच, "न्हाई काम दिलं तरी पायरीवर बशीन."

मी खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळी मला आनंद म्हणजे काय ते समोर बसलेलं दिसत होतं. लुगड्याला पाणी पुसत.

नऊ वचनं तिची पाठ झाली. पाच उरली होती. त्या दिवशी शेवटचा धडा. मी पुस्तक उघडलं आणि बाहेर चौकातून हाक आली—"वश्या! आहेस का रे? कुठली खोली यार तुझी?"

अविनाश. माझ्या वर्गातला, घाटकोपरचा, मराठी मंडळाचा चिटणीस. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं द्यायला आला होता. तो माझ्या घरी पहिल्यांदाच येत होता. मी मांडीवरचं काळं पुस्तक पाहिलं. उंबऱ्यावर भांडीवाली बाई. त्याच्या-आमच्या मधे फार तर वीस पावलं.

काय झालं ते आता तुम्हाला कळलंच असेल. पाच वचनं वाचायला वेळ नव्हता. मग मी—पुस्तकात बघतच—एक वाक्य बनवलं. मला कविता करायची सवय होती. ते आपोआप आलं. "सर्व दारे लागली तरी परमेश्वराच्या दारी दिवा आहे." असं, शास्त्रातल्यासारखं. "झालं मावशी. इथे संपलं."

"एवढंच?"

"एवढंच." आणि पुस्तक उशीखाली सरकवलं. अविनाश आत आला तेव्हा मी त्याला बसायला खुर्ची देत होतो. तो म्हणाला, "ही कोण रे?" मी म्हणालो, "शेजारची. पाणी मागायला आली होती."

मावशी उठून गेली. तिनं ते ऐकलं असेलच.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ती आली ती डोळे मिटून ते वाक्य म्हणतच. दार कुठून आलं होतं, सांगा? तिच्याच आईच्या घरचं. मी तिचीच गोष्ट उचलून तिला देवाची म्हणून दिली होती. "हे माझंच हाय की रे," ती म्हणाली, "त्याला कसं ठावं?" खरं सांगायचं राहिलंच. आणि—हेही सांगितलंच पाहिजे—मला ते वाक्य तिच्या तोंडून ऐकायला आवडलं. भांडी घासताना ती ते म्हणायची. नळावर म्हणायची. माझं वाक्य शास्त्रात बसल्यासारखं वाटायचं. मी पंधरा दिवस ते तसंच ऐकत राहिलो.

सणाच्या आदल्या दिवशी मला नीट कळलं, उद्या काय होणार ते. नऊ ही विषम संख्या. नववं वचन ती म्हणेल, दहावं मंडळी—पुस्तकातून. मी पुस्तक काढून दहावं वाचलं. पहिल्यांदाच नीट वाचलं. मग पुस्तक मिटलं. आणि देवाकडे काय मागितलं असेन? उद्या मला ताप येऊ दे, एवढंच.

ताप आला नाही. ती पांढरं लुगडं नेसून पुढे उभी राहिली, पायाशी भोपळे, वरून झरोक्यातलं ऊन. तिनं उजेडाचं पहिलं वचन म्हटलं आणि मंडळीनं दुसरं. तो आवाज पुन्हा यायला-जायला लागला. तिचा चेहरा मी तसा परत कधी पाहिला नाही. जणू ती बोलत नव्हती, कुणीतरी तिला अलगद पाण्यावरून नेत होतं. पाचवं, सातवं, नववं—एक शब्द चुकला नाही.

आणि मग मंडळीनं दहावं म्हटलं. आईबापांनी टाकलं, तरी परमेश्वर जवळ घेईल, अशा अर्थाचं.

ती थांबली. तिनं कधीच ऐकलं नव्हतं असं काहीतरी ती ऐकत होती. पन्नास माणसांच्या तोंडून. मी दुसऱ्या बाकावर होतो, मला तिचे ओठ हललेले दिसले. मग तिला वाटलं असावं, मंडळी चुकली. तिनं सांभाळून घेतल्यासारखं म्हटलं, "सर्व दारे लागली तरी परमेश्वराच्या दारी दिवा आहे."

कुणी उत्तर दिलं नाही. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पानं चाळल्याचा आवाज आला.

"सगुणाबाई, अकरावं म्हणा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

तिनं तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मागून कुणीतरी बाई कुजबुजली, "घरचं घातलं गं हिनं!" आणि मागची दोन बाकं हसली. दुष्टपणानं नाही, आमची माणसं दुष्ट नाहीत. एक कोंबडी फडफडली, तर पुन्हा हसली. मग पाळकसाहेबांनीच अकरावं सुरू केलं, मंडळीनं बारावं उचललं, आणि ते स्तोत्र तिला मधे उभी ठेवून पुढे निघून गेलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटपर्यंत उभीच होती.

मी उभा राहू शकलो असतो. "चूक माझी" एवढे दोन शब्द. ते कोठार एवढंसं होतं, ओरडावंही लागलं नसतं.

पण मी जे सांगायला बसलोय ते हेही नाही. ते यानंतरचं आहे.

उपासना सुटली. लोक एकमेकांना सलाम करत होते, उसाची कांडी वाटली जात होती. मी आणि मावशी बांधावरून घरी निघालो. ती पुढे चालत होती. मग थांबली आणि म्हणाली—रागानं नाही, खरंच विचारायचं म्हणून—"वसंता, ते आईबापाचं... ते पुस्तकात हाय व्हय? तू मला ते वाचलंच न्हाईस."

पाणी अगदी स्थिर होतं. त्यात आम्ही दोघं उलटे दिसत होतो.

मी म्हणालो, "मावशी, वाचलं होतं. तू विसरलीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं तिनं. पण तिनं मान हलवली, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "आसंल बाबा. डोस्कं म्हातारं झालं." तिनं माझ्यापेक्षा स्वतःवर अविश्वास ठेवला. मी कॉलेजात जात होतो ना.

त्यानंतर ती उंबऱ्यावर शिकायला बसली नाही. मी एकदा म्हटलं, दुसरं एखादं घेऊ या? "माझ्या डोक्याला गळती लागली रे. कशाला तुझा वेळ?" ती रविवारी येत राहिली, शेवटच्या बाकावर. पण मंडळी म्हणायची तेव्हा तिचा आवाज त्यात नसायचा. आपण चुकू म्हणून ती ओठ मिटून बसायची. पन्नास माणसांत एकटी. ज्या जागेहून सुरक्षित जागा मला माहीत नाही, असं मी म्हणालो, त्या जागेतून मी तिला बाहेर ठेवलं होतं. आणि मी आत बसून मोठ्यानं म्हणत होतो. मला तिथे आनंद वाटायचा का? वाटायचा. तेच तर मला समजत नाही.

तीन वर्षं गेली. मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा दिवाळीच्या आधी मावशीला गावाहून निरोप आला—आई अंथरुणाला खिळली आहे, ये म्हणतेय. म्हातारीनं दार उघडलं होतं. मावशीनं त्याच दिवशी खोली आवरली. मी तिची पत्र्याची पेटी दोरीनं बांधत होतो, तेव्हा ती भिंतीला टेकून म्हणाली, "आईला ते आईबापाचं स्तोत्र म्हणून दाखवलं आसतं. पण माझ्या काय ध्यानात ऱ्हातंय!" आणि हसली.

माझ्या हातात दोरी होती. उशीखाली शास्त्र होतं. गाडीला दोन तास होते. पाच वचनं वाचायला किती वेळ लागतो?

मी गाठ मारली. "घट्ट बसली," म्हणालो.

तिला पत्र लिहायला मी अनेकदा बसलो. पण तिला वाचता येत नाही. ते दुसरं कुणीतरी तिला वाचून दाखवणार—आणि तो सगळं वाचेलच कशावरून? घाईत असेल, दारात कुणी आलं असेल. चार ओळी गाळून म्हणेल, झालं, इथे संपलं. माणूस असं करतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून पत्र गेलं नाही. आणि मीही गेलो नाही. गावाला जाणारी गाडी रोज सुटते.

तिची नऊच्या नऊ वचनं बिनचूक पाठ होती. दहावं तिला कुणी दिलंच नव्हतं. सगुणामावशी काहीही विसरली नव्हती.